दोन किलोमीटरला बावीस मिनिटं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगात येण्याविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटलेली मुलगी आहे मी. तरी हे लिहितेय, कारण लपवलं तर लबाडी होईल.

आमच्या अवसरी खुर्दला शालनकाकूंची पोल्ट्री आहे. उतरणीला लागलेली विमानं आमच्या डोक्यावरून जातात. एखादं कमी उंचीवरून भरधाव गेलं की पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात ढीग करतात... खालची गुदमरून मरतात. काकूंनी विमानतळाच्या कार्यालयात तक्रार केली. उत्तर आलं – विमानं नियमानेच उडतात.

अहो, मग नियम वाचा ना! दहा हजार फुटांखाली तासाला साधारण चारशे साठ किलोमीटर ही कमाल मर्यादा. विमानतळाजवळच्या गर्दीत तर कंट्रोलवाले सांगतील तेवढा वेग आणखी कमी. एसटीला मर्यादा, आणि डोक्यावरून जाणाऱ्याला कुणी विचारायचंच नाही?

म्हणून आम्ही मोजायला लागलो. विमान नाही, त्याची सावली. जमिनीवर तीही तेवढ्याच वेगाने पळते. मी पाण्याच्या टाकीशी, काकू पोल्ट्रीशी, मध्ये सरळ दोन किलोमीटर, फोन चालू. मी म्हणायचं "आली", काकूंनी "गेली". पंधरा सेकंदांच्या आत गेली तर मर्यादा मोडली. अशा अकरा नोंदी जमल्या.

बारावी सावली भर दुपारी आली. पंख, शेपटी, सगळं स्पष्ट. "आली!" म्हणून मी वर पाहिलं. आकाश रिकामं. आवाज नाही. आणि सावली पळतच नव्हती... कांद्याच्या वाफ्यांवरून माणसाच्या चालीने सरकत होती. मी तिच्यासोबत चालू लागले. भीती वाटली नाही, खरं सांगते. आत पाय टाकला तर गार लागलं, एवढंच.

"अगं, कुठं अडकली तुजी सावली?" फोनवर काकू.

"येतेय, काकू. चालत."

"इमान चालत येतंय व्हय? ऊन लागलं का काय तुला?"

बावीस मिनिटांनी आम्ही दोघी पोल्ट्रीशी पोचलो – मी आणि ती. काकू वर बघतच राहिल्या. "वर तर काय बी न्हाई गं..." सावली पत्र्यावरून गेली, पलीकडच्या उसात उतरली आणि दिसेनाशी झाली. आत पिल्लं जागची हललीसुद्धा नाहीत.

"ही नोंद खोडून टाक," काकू म्हणाल्या. "हसतील आपल्याला, आन बाकीच्या अकरा बी कचऱ्यात जातील. माजी पिल्लं मरत्यात गं."

खरं होतं. पण माहिती दडवणाऱ्यांविरुद्ध बोंबलणारी मी, स्वतः एक ओळ गाळू? दोन दिवस भांडलो. शेवटी काकूच म्हणाल्या, "लिही. म्या बी पाह्यलीच की."

वही घेऊन त्याच कार्यालयात गेलो. साहेबांनी अकरा नोंदींवरून नुसतं बोट फिरवलं. बाराव्या नोंदीवर थांबले. आता हसणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत. ते हसले नाहीत. हळूच विचारलं, "पिल्लं शांत होती?"

"हो."

त्यांनी तेवढ्याच नोंदीला लाल खूण केली.

मर्यादा मोडणाऱ्या अकरा विमानांची चौकशी आजतागायत झालेली नाही. पिल्लं मरतायत, आणि आमचे अर्ज चालूच आहेत. बाराव्या नोंदीसाठी मात्र आठवड्यात कार्यालयाची दोन माणसं आली, घड्याळ लावून टाकीपासून पोल्ट्रीपर्यंत चालत गेली. काय आहे हे, म्हणून मी विचारलं, तर त्यातला एक म्हणाला – "तुम्ही पाहिलंय, तुम्हीच सांगा."

मला सांगता येत नाही.