चवीपुरती खिचडी

मुलांनो, तुमच्याकडच्या शाळाधिकाऱ्यांनी करदात्यांच्या पैशांवर जेवणं झोडल्याची बातमी तुम्ही कळवलीत, म्हणून खोपटच्या माझ्या शाळेत तपासणीला येणाऱ्या एका बाईंविषयी लिहिते. तपासणीला शाळेच्या खर्चाने हॉटेलची थाळी मागवायचा रिवाज होता. बाई मात्र पर्समधून लिंबाची फोड काढून मुलांच्या पंगतीत खिचडीला बसायच्या.

एकदा त्यांचे वरिष्ठही आले आणि थाळीची वाट पाहू लागले.

"साहेब, नियम खिचडीची चव घ्यायचा आहे, थाळी मागवायचा नाही. बसा, निवतेय."

"बदली हवीय का, बाई?"

"तिथेही खिचडी असेलच ना!"

पोरांनी हसत सरकून जागा केली. साहेब बसले. मी थक्क होऊन वाढत राहिले.

बाईंची बदली झालीच. आमच्या शाळेत तपासणीला येणारे मात्र आजही पंगतीतच जेवतात.