वाऱ्याला सांगितलेलं

शांता जाऊन महिना झाला. काल तिचं पवित्र शास्त्र उघडलं आणि पानांतून तिच्या खोबरेल तेलाचा वास आला. मी चौथी शिकलेला, एकेक अक्षर लावत वाचतो. वाचून दाखवायची ती.

अंबडला कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. आमची पाच वर्षांची एस्तेर तीन दिवस तापाने फणफणत होती. शांता म्हणाली, "अहो, रिक्षा आणा. सिव्हिलला नेऊ."

"आधी देवाला विचारू," मी म्हणालो. डोळे मिटून शास्त्र उघडलं, बोट ठेवलं. "वाच."

येशू वादळाला शांत राहायला सांगतो, ती ओळ निघाली.

"झालं तर. गप राहायचं."

"ते वाऱ्याला सांगितलंय, तुम्हाला नाही."

"मला शिकवू नकोस."

देवाचं नाव पुढे केलं की बायको गप्प बसते, हे मला माहीत होतं. दुपारभर पोरीच्या छातीची घरघर ऐकत उंबऱ्यात बसलो. उन्हं उतरताना घरघर थांबली.

शांता त्यावर कधी बोलली नाही. रोज शास्त्र वाचायची, तेवढा भाग सोडून. मला वाटायचं, तिला सोसत नसेल.

काल मी ते वादळाचं पान शोधलं. समोरच्याच पानावर एक बाप आहे. त्याची लेक मरायला टेकलीय आणि तो स्वतः जाऊन येशूचे पाय धरतोय.

शांताला ते ठाऊक होतं. चाळीस वर्षं तिने ते माझ्या कानावर पडू दिलं नाही.