कारभारी विसरला नव्हता

नसीम आपांचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत पेपर वाचत बसलो होतो. "पाठक साब, कारभारी भाऊ गये," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. आपा एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आयुष्यभर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, बनवत होत्या. ज्या प्रोग्रामवर त्या बिल्टी बनवायच्या तो कारभारी जाधव आणि मी मिळून लिहिला होता... खरं तर मी लोकांना 'मी लिहिला' असंच सांगत आलो. मुकुंदवाडीच्या स्मशानात पोचलो तर वेगवेगळ्या शाखांमधले बिल्टीवाले डोळे पुसत उभे होते. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, कारण हा लेख त्यासाठीच आहे. माझ्या वेळी एवढी माणसं येणार नाहीत, असं आलं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. ऑफिस माझं, पदवी माझी, पाटीवर नाव माझं. कारभारी फुलंब्रीहून रोज एसटीनं यायचा. घरी शेती, डिप्लोमा अर्धवट, इंग्रजी बेताचं. त्या काळ्या पडद्यावर चालणाऱ्या प्रोग्रामांचा मात्र त्याला विलक्षण नाद होता. अशा पडद्याला टर्मिनल म्हणतात. तिथं चित्रं नसतात, बटणं नसतात, फक्त अक्षरं. एरवी एंटर दाबेपर्यंत तो पडदा तुमची ओळ स्वतःकडे धरून ठेवतो. बिल्टीच्या कामाला ते चालत नाही. तिथं प्रत्येक बोट पडलं की लगेच कळायला हवं. म्हणून प्रोग्राम सुरू होताना टर्मिनलला सांगायचं, तू मध्ये पडू नकोस, कळ दाबली की तशीच माझ्याकडे दे आणि पडद्यावर स्वतःहून काही उमटवू नकोस.

हे मी पुस्तकं वाचून लिहिलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. पण आपा पहिल्याच आठवड्यात वैतागल्या. एक बिल्टी झाली की त्या एस्केपची कळ दाबायच्या आणि लगेच पुढच्या गावाचं नाव टाकायला लागायच्या. नावाचं पहिलं अक्षरच गायब. "मैं पैठण डालती, तुम्हारा पडदा पैठण का सिर खा जाता," त्या म्हणाल्या. मी त्यांना जरा सावकाश टाईप करायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून कारभारी आपांच्या शेजारी स्टूल टाकून बसला. चार दिवस. कीबोर्डला हातही न लावता नुसती त्यांची बोटं बघत राहिला.

पाचव्या दिवशी मला म्हणाला, "साहेब, बाणाची कळ एक नसती. ती तीन अक्षरं पाठवती, अन् त्यातलं पहिलं एस्केपसारखंच असतं. म्हणून तुमचा प्रोग्राम एस्केप आला की पुढच्या अक्षराची वाट बघत बसतो. तेवढ्यात आपांचा 'प' येतो अन् त्यालाबी त्यातच गिळतो."

"हे मला माहीत नाही का?" मी म्हणालो.

"माहीत हाय की. पण वाट किती बघायची ते पुस्तकात नाय. ते आपांच्या बोटात हाय."

त्यानं ती वाट बघण्याची वेळ पापणी लवण्यापेक्षाही कमी केली. पैठणचं डोकं परत आलं. आपांनी त्याला घरून शीरखुर्मा आणून दिला. मलाही दिला, पण डबा त्याच्या नावाचा होता.

मग ट्रान्सपोर्टच्या मालकांच्या पुतण्यानं माऊसची टूम काढली. काळ्या पडद्यावर माऊस चालणार नाही, असं मी ठामपणे सांगितलं. कारभारीनं आठ दिवसांत चालवून दाखवला. माऊसची टिचकीही कळांच्याच वाटेनं अक्षरं होऊन येते, कितव्या ओळीत आणि कितव्या रकान्यात ते सांगत. "उंदीरबी त्याच बिळातून येतो साहेब," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, आणि मला आतून जळल्यासारखं झालं. तीच गोष्ट मला सुचायला हवी होती.

सगळ्या शाखांना प्रोग्राम देण्याआधी मालक तो एकदा स्वतः बघणार होते. आदल्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, "पाठक साहेब, शाखांचं काम कारभारीकडं सोपवू. तो आमच्या माणसांत बसतो." मी मान डोलावली. मालक प्रोग्राम बघणार त्या दिवशी दुपारी कारभारी चहाला खाली गेला तेव्हा मी त्याची फाईल उघडली. प्रोग्राम बंद होताना टर्मिनल पूर्ववत करणाऱ्या दोन ओळी शेवटी होत्या. एक कीबोर्डसाठी, एक माऊससाठी. मी त्या काढल्या. दोन ओळी पुसायला किती वेळ लागतो... तो वर आला तेव्हा मी माझ्या जागेवर होतो. त्यानं माझ्यासाठीही चहा आणला होता.

मालकांसमोर सगळं सुरेख चाललं. आपांनी झरझर बिल्ट्या बनवल्या, पुतण्यानं माऊस फिरवला. मग प्रोग्राम बंद केला. मालकांनी कीबोर्डवर बोट ठेवलं तर पडद्यावर काही उमटेना. माऊसची टिचकी मारून एंटर दाबलं की मात्र 'असा हुकूम नाही' म्हणत कंस आणि आकड्यांचा कचरा सांडायचा. "मशीन बिघडलं का?" मालकांनी विचारलं.

"मशीन ठीक आहे," मी म्हणालो. "कारभारी, निघताना सगळं होतं तसं करून ठेवायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"साहेब, मी लिव्हलं व्हतं ते."

"मग दाखव."

त्यानं काहीही दिसत नसताना आंधळेपणानं 'रीसेट' टाईप केलं, एंटर दाबलं, आणि पडदा ताळ्यावर आला. मग फाईल उघडली. शेवटाकडं तो बराच वेळ बघत राहिला. "व्हय... नाय दिसत," तो हळूच म्हणाला. त्याला माझा संशय आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला संशय आला तो स्वतःचा.

शाखांचं काम मला मिळालं. महिन्याभरात कारभारीनं ऑफिस सोडलं आणि मुकुंदवाडीत घरापुढच्या खोलीत मशीन दुरुस्तीचं काम सुरू केलं. मी मात्र नव्या मुलांना शिकवताना वर्षानुवर्षं त्याचा किस्सा सांगत राहिलो, दोन ओळी विसरलेल्या माणसाचा. शाखांमधले लोक अडचण आली की मला सोडून गुपचूप त्यालाच फोन करायचे. ते मला माहीत होतं, आणि त्याचाही मला हेवा वाटायचा.

दशक्रियेनंतर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीनं, सुमनवहिनींनी, ती दुरुस्तीची खोली उघडून दाखवली. टेबलावरच्या जुन्या मशीनवर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: 'काही दिसत नसलं तरी लिहा. रीसेट. मग एंटर.' वहिनी म्हणाल्या, "येणाऱ्या प्रत्येकाला ही चिठ्ठी लिहून द्यायचे. अन् तुमच्या ऑफिसातून आल्यापासून त्यांना एक खोडच लागली बघा भाऊजी. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. गल्लीच्या टोकाला जाऊन परत यायचे. मी म्हणायची, लावलंय की हो. तर म्हणायचे, मला वाटतं लावलंय, पण माझ्या वाटण्याचं काय खरं नाय."

मी तिथंच स्टुलावर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. चहाच्या वेळेपासून त्या दोन ओळींपर्यंत. हे छापायला देणार आहे, हेही सांगितलं. त्या चिठ्ठीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ते विसरले नव्हते."

"नाही."

"त्यांना सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

आम्ही बाहेर आलो. वहिनींनी खोलीच्या दाराला कुलूप लावलं, एकदा ओढलं, आणि किल्ली कमरेला खोचून मागं न बघता घरात गेल्या. मी फाटकापर्यंत गेलो, परत आलो, आणि कुलपाला उरलेले दोन हिसके दिले.