फुल-फ्रेम की क्रॉप? निकाल शेणव्याच्या बांधावर लागला

मंडळी, अखेर ठरलं! फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा की क्रॉप-सेन्सर, यावर सहा महिने मी एवढं वाचलंय की तेवढ्यात एखादी पदवी मिळाली असती.

आज सकाळी मुरबाडच्या मित्राचे दोन्ही कॅमेरे आणि एक लांबलचक लेन्स घेऊन शेणव्याला गेलो. बांधावर तिपाई उभी केली, तर समोरच्या उंबरावर चक्क धनेश पक्षी! आधी फुल-फ्रेमवर टिपला, मग तीच लेन्स क्रॉपवर लावून.

तेवढ्यात शेतमालकीण विळा घेऊन हजर.

"ओ सायेब, मोजनी कोनाच्या हुकमानं?"

"मोजणी नाही हो काकू, पक्ष्याचा फोटो काढतोय."

"मागं एक आलेला, तो पन पक्षीच सांगत व्हता. मंग खुंट्या ठोकून गेला. दाकवा काय काढलाव ते!"

फुल-फ्रेमचा फोटो दाखवला. मधोमध धनेश, पण कोपऱ्यात काकूंचं भाताचं खाचर आणि घराची कौलं.

"बगा! माजा शेत घेतलाव ना?"

घाईघाईने क्रॉपचा दाखवला. त्यात छोट्या सेन्सरमुळे कडा कापल्या गेल्या होत्या आणि धनेश दीडपट जवळ आला होता. काकूंनी पडदा नीट न्याहाळला आणि विळा खाली घेतला.

"ह्यात माजा शेत नाय. ह्योच घ्या."

घेतोय! पण मंडळी, फोटोत कोणाची जमीन येते, हे एकाही परीक्षणात नव्हतं. तुम्ही कधी बांधावर विचारून फोटो काढलाय का?