पान उलटलं, तरी वाचन चालूच

मंडळी, आज पहिलीच्या वर्गात आधी चिडले आणि मग पोटभर हसले.

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शाळेत परी धडा वाचत होती. शब्दाशब्दावर बोट ठेवून, घडाघडा. तिची आई दारात कौतुकानं उभी. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलं. परीचं बोट नव्या पानावर, तोंडात मात्र जुनाच धडा.

आईचा चेहरा पडला. "मॅडम, हिले तं वाचताच येत नाही."

अक्षरं परीला येतात. धडा पाठ असल्यामुळे अक्षरं जोडून वाचायची गरजच कधी पडली नव्हती. अशा घोकंपट्टीला आपण वाचन म्हणतो, याचा मला मनस्वी राग येतो.

मी पुस्तक मिटलं. "परी, सकाळी घरी काय झालं?"

"बाबा झेंडू घेऊन अकोल्याले गेले."

तिचं वाक्य मी तिच्याच बोलीत फळ्यावर लिहिलं. तिनं लगेच म्हणून दाखवलं. तेही पाठच. मग मी ते पुसून लिहिलं, 'झेंडू बाबाले घेऊन अकोल्याले गेला.'

आता परी अडखळली. एकेक अक्षर जोडत शेवटपर्यंत गेली आणि थांबून माझ्याकडे रोखून बघू लागली.

"काहून थांबली वं?" आई.

"माय, झेंडू कसा नेईन बाबाले? मॅडमनं चूक लिहिलं."

तुमच्या घरी कुणी घडाघडा वाचत असेल, तर आज एक असंच उलटं वाक्य लिहून द्या. तुमच्याशी भांडतंय का, ते मला सांगा.