रूपजीचा कोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोर नाही, चार पेग पोटात गेल्यावरसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि आधीच बजावतो — मधेच 'जाऊ द्या हो, होतं असं' म्हणायचं नाही. त्या शब्दांची मला चीड आहे.

डहाणूच्या किनाऱ्याला आमची चिकूची वाडी. जवळच खाडीच्या तोंडाशी जुना किल्ला. २०१५ साली तिथे लढायांचं संग्रहालय झालं. म्हणजे काय, तर गंजलेल्या दोन तोफा, थोडे तोफगोळे आणि बाकी सगळं आसपासच्या घराघरांतून मागून आणलेलं. समितीत मी होतो. वस्तूंखालच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. हो, अक्षर चांगलं आहे माझं, तेवढं तरी कबूल करा!

पाटीवर घराण्याचं नाव येणार म्हटल्यावर वाडीवाल्यांत काय चढाओढ लागली म्हणून सांगू. शेजाऱ्याने तलवार दिली — लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायची हो ती, पण दिली ठोकून पेशव्यांच्या काळातली म्हणून. दुसऱ्याने ढाल आणली. आणि आमच्याकडे काय होतं? तर एक गोष्ट. आजोबा पलटणीत होते ही गोष्ट. होते ना! नाशिककडच्या छावणीत भाजी पोचवायला जायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक, बाहेर कुणालाच नाही. मला त्या शेजाऱ्याच्या तलवारीने झोप लागेना.

आमच्या वाडीत चिकू निवडायला जानी यायची. आतल्या सायवन गावची, साठीला टेकलेली, कमी बोलणारी. तिचा बाप रूपजी खराखुरा शिपाई होता. चीनच्या लढाईत गेला तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची. देह आलाच नाही. घरी आली ती पत्र्याची ट्रंक, आणि तिच्यात त्याचा जाड लोकरीचा कोट. मीच म्हटलं, जाने, कोट आण, काचेत ठेवू, घरी वाळवी खाईल. तिने ती अख्खी ट्रंक एसटीतून आणली. मागितलं एकच — खाली बाचं नाव लिहा. मी म्हटलं, लिहितो की, त्यात काय!

लिहिलं का? थांबा, सांगतो. इतकी वर्षं थांबलोय, अजून दोन मिनिटं गेली तर काय बिघडणार आहे?

कोटाच्या कॉलरीला आतून कापडाची एक पट्टी शिवलेली होती. तिच्यावर शाईने नंबर आणि रूपजीचं नाव. काचेतल्या पुतळ्याला कोट चढवायच्या आधी ती पट्टी मी ब्लेडने उसवली. दार लावून, शांतपणे, एकेक टाका. घाईत झालेली चूक नव्हती ती — कळतंय ना? मग पाटी लिहिली. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकाचा कोट, आणि त्याखाली माझ्या आजोबांचं नाव. लढाईसुद्धा बदलून टाकली मी.

जानीला वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर केलं सगळं.

आता जानीच्या लोकांकडची एक रीत सांगतो. नवं भात घरात आलं की पहिला घास गेलेल्या माणसांचा. तो ठेवल्याशिवाय घरातलं कुणी त्या भाताला तोंड लावत नाही. कापणी आटपली की जानी सायवनहून यायची, पळसाच्या पानात मूठभर शिजवलेला भात घेऊन. कोटासमोर पान ठेवायची, हात जोडायची, बापाशी काहीतरी हळूहळू बोलायची. आणि मी? मी खेकसायचो. मुंग्या होतात, उंदीर येतात, खायचं आणू नका असं भिंतीवर लिहिलंय, वाचता येत नाही का? वाचता येत नाही का — हे मी तिला विचारायचो! मला तिचा राग यायचा, अगदी मस्तकात जायचा. जिचं चोरलं तिचाच राग. ती आली नसती तर मी सगळं विसरून गेलो असतो ना.

असं तीन वर्षं. चौथ्या वर्षी, २०१८ साली आली, ती अक्षरं शिकून. सगळी नव्हेत. गावातल्या बायकांबरोबर बसून स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच शिकलेली. पान खाली ठेवलं आणि पाटीवर बोट टेकवून 'रू' शोधायला लागली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

"यात माझ्या बाचा नाव नाय, शेठ. कुणाचा हाय?"

तेव्हा तरी खरं बोलायचं की नाही? आत मुंबईचे पाहुणे उभे होते, समितीतले दोघं होते. माझं डोकं फिरलं. ओरडलो, माझ्या आजोबांचं नाव आहे, कोटही त्यांचाच आहे, पुन्हा भात घेऊन आलीस तर हाकलून देईन!

तिने कोट मागितला नाही. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली.

"मंग तीन वरसं भात तुझ्या आज्यानं खाल्ला? न माझा बा उपाशी ऱ्हायला?"

पान उचललं आणि गेली. त्यानंतर किल्ल्यावर आली नाही, वाडीतही नाही. सायवनला जाऊन मी चौकशी केली का? नाही केली. पाटी अजून तशीच आहे, रूपजीच्या नावाची पट्टी माझ्या कपाटात आहे. लोक अजून म्हणतात, काय सुंदर अक्षर!

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी दिलं नाही. आजोबांनीही खाल्ला नाही, जाने. तू फाटकाबाहेर पडलीस की मी तो भात झाडूने सुपलीत भरायचो आणि तटावरून खाली चिखलात फेकून द्यायचो. तिन्ही वर्षं.