दफनभूमीचा नळ

सोलांजच्या मांडीवरच्या परातीत अर्ध्या शेंगांची देठं काढून झाली होती, अर्ध्या अजून ॲप्रनच्या ओच्यातच होत्या, तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली.

"मादाम, दफनभूमी कुठे आहे?"

पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला सकाळी सकाळी हसतमुखाने विचारावा असा हा प्रश्न नव्हे. पण सोलांजला त्याची सवय झाली होती. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत तिला तो रोजच ऐकावा लागे. आजचे दोघे हॉलंडचे नवरा-बायको होते. अंगात घट्ट पोपटी कपडे, आणि सायकलींना मागेपुढे इतक्या पिशव्या की बघणाऱ्याला वाटावं, घर मोडून निघालेत.

"चर्चच्या मागे. आत शिरलात की डाव्या हाताला नळ आहे," सोलांज म्हणाली. त्यांनी नळ विचारला नव्हता, पण त्यांचं दफनभूमीत दुसरं काय काम असणार? निदान एवढ्यात तरी.

"तुमचं गाव फार शांत आहे," बाई कौतुकाने म्हणाली.

"हो, बरेचसे लोक तुम्ही चाललात तिथेच आहेत."

पूर्वी मायेन नदीच्या काठाने घोडे नावा ओढत नेत. घोडे गेले, नावा गेल्या, वाट खाजकुयलीत बुडाली. मग वरच्या शहाण्यांना साक्षात्कार झाला की या वाटेवरून माणसं स्वतःच स्वतःला ओढत नेतील, तेही भर सुटीत, आणि वर आनंद मानतील. वाट साफ झाली, खडी पडली, हिरव्या पाट्या लागल्या. सां-लोमेर गावाला नवीन बाक मिळाला आणि सायकलवाटेच्या पुस्तिकेत एक ओळ मिळाली. आठशे वर्षांचं चर्च, नदीकाठचं मारियामातेचं चॅपेल, यांपैकी कशाचाही त्या ओळीत उल्लेख नव्हता. ओळ अशी होती: 'पिण्याचे पाणी, दफनभूमीत.' सोलांजने ती चष्मा पुसून दोनदा वाचली होती. ज्याने लिहिली त्याच्यासाठी तिने प्रार्थनाही केली, आणि त्याच्या सायकलीचं चाक पंक्चर व्हावं एवढंच त्या प्रार्थनेत सुचवलं.

उद्या पंधरा ऑगस्ट, मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. चर्चमधून मूर्ती खांद्यावर घ्यायची, नदीच्या वाटेने चॅपेलपर्यंत मिरवणूक न्यायची, तिथे मिस्साची प्रार्थना. सोलांज पांढऱ्या झग्यात फुलं उधळणारी मुलगी होती तेव्हापासून यात खंड नव्हता. तिचा मार्सेल वारला त्या वर्षी मूर्तीची दांडी धरायला एक खांदा कमी पडला, तेव्हा काळ्या कपड्यांतच तिने आपला खांदा पुढे केला होता.

पण गेल्या वर्षी मूर्तीमागे माणसं इतकी थोडी होती की फादर अनिसे मागे वळून बघायचंच टाळत होते. फादर मूळचे बेनिनचे. तीसेक गावं त्यांच्या एका जुन्या गाडीवर सोपवलेली. मिस्सा संपल्यावर ते हळू आवाजात म्हणाले होते, "मादाम सोलांज, पुढच्या वर्षीही असंच झालं, तर त्यानंतर सण शहरातच करू. तुम्हाला न्यायला गाडी येईल." त्या गाडीचा आणि शववाहिनीचा सोलांजच्या मनात फारसा फरक राहिला नाही.

हॉलंडवाले गेले आणि शेंगा पुन्हा हातात घेतेय तोच महापौर फाब्रिस आला. लहानपणी तो सोलांजकडे धर्मशिक्षणाला येई. दहा आज्ञांपैकी आठच पाठ व्हायच्या, आणि राहिलेल्या दोन कुठल्या ते गावाने पुढे यथासांग पाहिलं.

"मादाम सोलांज, एक विनंती होती. उद्या मिरवणूक जरा कडेकडेने नेता येईल का? सायकलींच्या मोसमातला सगळ्यात गर्दीचा दिवस आहे."

"एका कडेला नदी आहे, फाब्रिस."

"मग जरा भरभर चाला."

"आमच्यात सगळ्यात भरभर चालणारी म्हणजे मूर्ती. तिला निदान गुडघेदुखी नाही."

"तसं नाही हो, पण लोक लांबून येतात. त्यांची गैरसोय नको."

"देवाची आई आधीपासून इथे आहे, तिची गैरसोय चालेल. बरं, बघते."

तो गेला. सोलांज शेंगेचं देठ मोडता मोडता थांबली. एवढे लोक लांबून येतात. एका नळासाठी येतात. शेंगा तशाच ठेवून ती उठली आणि खुंटाळ्यावर नळाच्या झडपेची किल्ली आहे ना ते बघून आली. तशा किल्ल्या गावात दोनच. एक नगरपालिकेत आणि दुसरी, चर्चची फुलं सोलांजच ताजी ठेवत असल्यामुळे, तिच्याकडे.

सणाच्या दिवशी सकाळी चर्चचं दार उघडायच्या आधी सोलांजने दफनभूमीचं पाणी बंद केलं आणि नळाला पुठ्ठ्याची पाटी अडकवली: 'पाणी नदीकाठच्या चॅपेलजवळ मिळेल.' पाटीत खोटं अक्षर नव्हतं. चॅपेलच्या आवारात विहीर होती, पाणी गोड होतं, त्यावर हातपंपही होता. पंपाचा दांडा चोरीच्या भीतीने सोलांजच्या घरी असतो, एवढं लिहायला पुठ्ठ्यावर जागा उरली नाही.

मिरवणूक निघाली ती नेहमीसारखीच. पुढे फादर, मग मूर्ती, खांदेकऱ्यांपैकी एकाच्या कमरेला पट्टा, आणि मागे मोजक्या म्हाताऱ्या. नदीच्या वाटेवर मात्र मागून पहिली घंटी वाजली. मग दुसरी. कुणी वळून पाहिलं नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं, मधे स्वर्गाची राणी. ओलांडून जाणार कुठून? सायकलवाले उतरले आणि सायकली हातात धरून चालू लागले. त्यांच्या मागून आलेलेही उतरले. पाहता पाहता मूर्तीमागे हेल्मेटांची रांग लागली आणि 'आव्हे मारिया'चं स्तोत्र सुरू झाल्यावर त्यातल्या कुणीतरी चक्क बऱ्या सुरात साथ दिली.

चॅपेलपाशी सगळे पंपाभोवती जमले. रात्री नदीकाठी तंबू ठोकून राहिलेली कालची हॉलंडवाली पुढे आली.

"मादाम, याला दांडा नाही."

"आहे. मिस्सा झाल्यावर लावते."

"काल तर त्या नळाला पाणी होतं."

"काल सण नव्हता."

"मिस्सा किती वेळ चालते?"

"फादरांना पुढे दुसऱ्या गावी जायचंय. लांबणार नाही. तिथे सावलीत बसा, बाक रिकामेच आहेत."

बाक रिकामे होते हे खरंच. बिचारे बसले. सोलांज डोळे मिटून मारियामातेचे आभार मानत होती, तेवढ्यात वाटेवरून पत्र्याचा खडखडाट ऐकू आला. तिने डोळे उघडले.

एवढी सगळी योजना आखताना एक साधी गोष्ट ती विसरली होती, जी गावातलं शेंबडं पोरही विसरलं नसतं. पंधरा ऑगस्टला पॅरिसहून मुलं-सुना-नातवंडं घरी येतात आणि जेवणाआधी सगळ्यांना कबरींवर न्यायचं असतं. त्यामुळे त्या सकाळी गावातली प्रत्येक बाई आपल्या माणसाच्या कबरीवरच्या जिरेनियमला पाणी घालतेच. मिरवणुकीला यायला त्यांचे गुडघे दुखत. पण नवऱ्याची फुलं सुकली आणि ते सुनेने पाहिलं, तर गावात तोंड कसं दाखवायचं? तेव्हा नळावरची पाटी वाचून, हातात झाऱ्या घेऊन त्या सगळ्या तरातरा चालत आल्या होत्या. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कुणालाच आठवली नाही.

सगळ्यात पुढे शेजारीण युगेत. ती येऊन सोलांजच्या शेजारी टेकली आणि झारी मुद्दाम आवाज होईल अशी खाली ठेवली. फादर वेदीपाशी प्रार्थना म्हणत होते.

"झडप तू बंद केलीस," युगेत कुजबुजली.

"प्रार्थना चाललीय, युगेत."

"माझ्या ल्युसिएँची फुलं माना टाकून बसलीत. त्याची बहीण जेवायला येतेय. ठाऊक आहे ना ती कशी आहे?"

"ठाऊक आहे."

"आता उभी राहून सगळ्यांना सांगते. फाब्रिसलाही, फादरांनाही."

सोलांजने डोळ्यांनीच माणसं मोजली. पुढे दोन ओळी हेल्मेटं, मागे भरलेले बाक, आणि हे सगळं युगेतच्या जिभेच्या टोकावर लोंबकळत होतं.

"तुला काय हवंय?" तिने विचारलं.

युगेतने स्तोत्राचं एक कडवं निवांत म्हणून घेतलं. मग म्हणाली, "ल्युसिएँला पाणी तू घालायचंस. आजच. आणि हिवाळा लागेपर्यंत. माझे गुडघे दुखतात."

"आता तर धावत आलीस."

"म्हणूनच दुखतात."

मिस्सा झाली. सोलांजने पिशवीतून दांडा काढून पंपाला लावला. रांगेत बाटल्या होत्या, झाऱ्या होत्या, आणि सगळ्यात पुढे फाब्रिस होता, पाणी वाटताना आपला फोटो निघावा म्हणून.

"पाहिलंत फादर," तो म्हणाला, "ही सायकलवाटेची कमाल. पुढच्या पुस्तिकेत चॅपेलचं नाव घालायलाच हवं. 'पिण्याचे पाणी, चॅपेलजवळ.'"

सोलांजने ते ऐकलं. आठशे वर्षांच्या चर्चला जे जमलं नाही ते एका पंपाला जमलं होतं. देव आपली कामं कुणाकुणाकडून करून घेतो यावर तिने जास्त विचार केला नाही.

फादर अनिसे शेवटी पाणी प्यायले. ओंजळ पुसत म्हणाले, "आमच्या गावी विहिरीला दांडा नसला तर लोक शिव्या देतात. इथे स्तोत्रं म्हणतात. पुढच्या वर्षी मिरवणूक इथेच होईल, मादाम सोलांज."

तिने क्रूसाची खूण केली.

"आणि मी गाडी दफनभूमीपाशी लावली होती," ते तितक्याच गोडीने पुढे म्हणाले. "पाटीवरचं अक्षर सुरेख आहे. शनिवारी पापनिवेदनाला मी जरा लवकर येतो. वेळ लागेल बहुतेक."

"लागेल, फादर."

तिच्या मागे युगेत रिकामी झारी घेऊन उभी होती. तिने ती सोलांजच्या हातात दिली आणि आपण हॉलंडवाल्यांना गावाच्या शांततेबद्दल माहिती द्यायला निघून गेली.

घरी शेंगा सुकत असतील, पण त्यांना थांबावं लागणार होतं. सोलांजने झारी पंपाखाली भरून घेतली, खिशात किल्ली चाचपली आणि दफनभूमीची वाट धरली. आधी झडप उघडायची आणि मग ल्युसिएँच्या जिरेनियमला पाणी घालायचं.